विनंत्यांची वही

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला, तेव्हा सुलास्मीच्या एका हातात तळलेल्या टेंपेचा, म्हणजे सोयाबीनच्या वडीचा, तुकडा होता आणि दुसऱ्या हातात हिरवी मिरची. तिने टेंपे तोंडात कोंबला, मिरची कागदावर ठेवली, खणाचं कुलूप काढून वही बाहेर घेतली आणि मगच रिसीव्हर उचलला. फोन कुणाचा हे विचारायची गरज नव्हती. लष्करी छावणीच्या माहिती शाखेत अकरा वर्षांत चार कॅप्टन येऊन गेले, पण फोनची वेळ एका मिनिटानेही ढळली नव्हती.

"इबू, जेवलात का?" कॅप्टन सुकिर्नोंनी विचारलं. इबू म्हणजे बाई, सगळे तिला तसंच म्हणत.

जेवले, असं तिने सांगितलं. त्यांचं जेवण, त्यांच्या बायकोचे गुडघे, सगळ्यांची विचारपूस झाली. ही विचारपूस झाल्याशिवाय कॅप्टन मुद्द्यावर येत नसत. मुद्दा आला तरी 'बंदी' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघत नसे. ते नेहमी 'विनंती' म्हणत. अमुक गोष्टीबद्दल उद्याच्या अंकात काही येऊ नये, एवढीच आपली नम्र विनंती. त्याला ना कागद, ना शिक्का, ना सही. उद्या कुणी विचारलंच तर सरकार छाती पुढे काढून सांगायला मोकळं, की आमच्याकडची वर्तमानपत्रं वाऱ्यासारखी मोकळी आहेत. आणि विनंती न ऐकणाऱ्याचा छापायचा परवाना जातो, हे सांगायची गरजच नव्हती. आदल्याच वर्षी राजधानीतली तीन साप्ताहिकं एका दिवसात बंद झाली होती.

म्हणून 'सुआरा मुआरा' दैनिकाच्या कचेरीत ही वही होती. तारीख, वेळ, फोन कुणाचा, काय छापायचं नाही आणि पुढे कुणाकुणाला कळवलं, असे पाच रकाने. मुख्य उपसंपादक या नात्याने वही सुलास्मीच्या ताब्यात असे आणि बातमीदारांना ती दाखवायची नाही असा दंडक होता. कारण उघड होतं. शहरात काय घडलं हे अर्ध्या वेळा कचेरीला त्या विनंतीवरूनच कळे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. पोरांच्या हाती वही लागली असती तर रोज सकाळी तीच वाचून ती बातमीच्या शोधात निघाली असती.

कॅप्टन कारकुनाने लिहून दिलेला कागद एकसुरी आवाजात वाचत होते. विद्यापीठातली सभा नको. तांदळाच्या भावाबद्दल 'वाढ' नको, 'समायोजन' चालेल. राज्यपालांच्या जावयाच्या गोल्फ मैदानाचं चित्र नको. सुलास्मी लिहीत होती. दाढेत मिरचीचं बी अडकलं होतं, ते जिभेने काढायची तिची खटपट चालू होती.

"चौथं," कॅप्टन म्हणाले, "बातमीदार योयोक प्रासोजो याच्या चौकशीबद्दल काही नको."

सुलास्मीची जीभ थांबली, पेन मात्र चालत राहिलं. अकरा वर्षांच्या सवयीने हाताने नाव लिहूनसुद्धा टाकलं.

योयोक त्यांचाच बातमीदार. मंगळवारी सकाळी मोटरसायकल घेऊन तो करंगसारी गावाला गेला, आणि आज गुरुवार. ना योयोकचा पत्ता, ना मोटरसायकलचा. त्याची थोरली बहीण वाह्यू, शाळेत गणित शिकवणारी, काल आणि आज दुपारी शाळा सुटली की येऊन खालच्या बाकावर पाण्याच्या रांजणाशेजारी बसत होती आणि मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन मुलांचे अपूर्णांक तपासत होती. ती रडत नव्हती, कुणाशी बोलतही नव्हती, आणि त्यामुळे जिन्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला तिच्याकडे बघवत नव्हतं. छावणीच्या फाटकावर ती तीनदा जाऊन आली होती. असा कुणी माणूस आमच्याकडे नाही, असं तिला तीनदा सांगितलं गेलं. पोलिसांनी तर एखाद्या पोरीबरोबर पळाला असेल म्हणून हसण्यावारी नेलं.

आणि आता कॅप्टनसाहेब स्वतःच्या तोंडाने सांगत होते की तो त्यांच्याकडेच आहे. हात दाखवून अवलक्षण. फाटकावरच्यांनी नाही म्हणायचं हे ठरलं होतं, आणि जे जे घडेल ते आधी झाकायचं हेही ठरलं होतं. पण ही दोन ठरलेली कामं दोन वेगळ्या खोल्यांत होत होती आणि दुपारच्या जेवणानंतर कुणीही दोन खोल्या चालून जात नाही.

"कॅप्टन, जरा नीट सांगता का?" सुलास्मी म्हणाली. आपला आवाज नेहमीसारखा येतोय का, हे ती कान देऊन ऐकत होती. "पानं लावायला सगळी नवी मंडळी आहेत. नेमकं काय टाळायचं ते सांगितलं नाही तर भलतंच छापून बसतील."

कॅप्टननी जांभई देत पुन्हा वाचलं. करंगसारी गावातून मंगळवारी ताब्यात घेतलेला बातमीदार योयोक प्रासोजो, बंदरामागच्या जुन्या साखरगोदामातल्या चौकीत चौकशी चालू, याविषयी काही येऊ नये. मग नेहमीचं शेपूट. "बाकीच्यांना कळवा. या महिन्यात साखळी तुमच्याकडेच ना?"

"हो, आमच्याकडेच."

"बरं, इबू. तब्येतीला जपा."

साखळी म्हणजे अशी. छावणीने एकालाच फोन करायचा आणि त्याने बाकीच्या सहाजणांना कळवायचं. शहरातली इतर तीन दैनिकं, दोन साप्ताहिकं आणि एक रेडिओ. महिन्यागणिक पाळी बदले. कळवायचीही एक रीत पडून गेली होती. दोन शब्दांत उरकायचं. नाव घ्यायचं नाही, पत्ता सांगायचा नाही. 'तांदूळ नको', 'सभा नको', झालं. पलीकडचाही तेवढंच लिहून घेई आणि दोघंही फोन ठेवून मोकळी होत.

सुलास्मीने रिसीव्हर ठेवला आणि वहीची पानं मागे उलटत गेली. काय शोधायचं आणि ते कुठे आहे, तिला पाठ होतं. दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. तिच्याच अक्षरात लिहिलेलं: करंगसारीचा कोळी सार्मिन, बंदरामागच्या साखरगोदामातल्या चौकीत, काही नको. त्या महिन्यातही साखळी त्यांच्याकडेच होती. तिने सहा फोन केले होते आणि सहाही ठिकाणी दोनच शब्द सांगितले होते, 'करंगसारी नको.' कोण, कुठे, कुणी विचारलं नाही. नवव्या दिवशी सार्मिनचं प्रेत मिठागरात सापडलं. तो दारू पिऊन बुडाला असं सरकारी पत्रकात आलं, आणि ते पत्रक तिने स्वतः तिसऱ्या पानावर लावलं.

योयोक करंगसारीला गेला होता तो याच सार्मिनच्या मृत्यूचा शोध घ्यायला. मंगळवारी निघताना तो तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर टेकला, तिच्या बशीतला टेंपे न विचारता उचलला आणि म्हणाला, "इबू, सार्मिनला नेलं कुठे होतं, हे गावात कुणीच सांगत नाही. तुम्ही एवढी वर्षं इथे आहात, कधी काही कानावर आलं होतं का?" त्या वेळी तिचा गुडघा वहीच्या खणाला टेकलेला होता. ती म्हणाली, "मला काय माहीत? हेल्मेट घाल आधी."

या गोष्टीची लाज तिला दोन दिवस झोपू देत नव्हती.

ती वही घेऊन संपादकांच्या खोलीत गेली. बापाक, म्हणजे गुनादीसाहेब, मनाने वाईट नव्हते. तरुणपणी त्यांनीही तडफदार अग्रलेख लिहिले होते आणि ते चौकटीत लावून भिंतीवर टांगले होते. पण आता एकशे चाळीस माणसांची चूल त्यांच्या एका परवान्यावर पेटत होती आणि ते दिवसातून चार वेळा तो आकडा म्हणत. त्यांनी चौथी विनंती वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला. छापायचं नाही हे तर उघडच आहे, म्हणाले. खाली बसलेल्या बहिणीला सांगायचं नाही, ती जाऊन फाटकावर आरडाओरडा करेल आणि ते त्याला दुसरीकडे हलवतील. पुढच्या आठवड्यात छावणीचे कर्नलसाहेब गोल्फला भेटतील तेव्हा आपण हळूच विषय काढू. आणि ही चौथी ओळ साखळीतून गाळायची. आपल्या घरातली गोष्ट आहे, गावभर कशाला?

"पुढच्या आठवड्यात," सुलास्मी म्हणाली. "सार्मिन नऊ दिवस टिकला होता, बापाक. तो कोळी होता. योयोकला जरा उन्हात उभं केलं तरी चक्कर येते."

"पाण्यात राहून माशाशी वैर करायचं का?"

"वैर कुठे करतेय? विनंती आली, ती कळवायची. विनंती गाळली तर गुन्हा आपला. आजवर अकरा वर्षांत मी एकही गाळलेली नाही."

गुनादींनी वही मिटून तिच्याकडे सरकवली. ती काय करणार ते त्यांना कळलं होतं, आणि आपल्याला कळलं हे तिला कळू नये अशीही त्यांची धडपड चालली होती. शेवटी त्यांनी टोपी उचलली.

"मी असरच्या नमाजाला चाललो," ते म्हणाले. "तू मला काही सांगितलेलं नाहीस."

"नाही सांगितलं."

टेबलाशी परत येऊन तिने पहिला नंबर फिरवला. तो दोनदा चुकीचा लागला. एकदा तर कुठल्याशा तांदळाच्या वखारीत लागला आणि तिथल्या माणसाने भाव विचारू नका म्हणून फोन आपटला. तिसऱ्यांदा समोरच्या दैनिकातला म्हातारा ओंकोवियोनो फोनवर आला. त्याची सदा घाई. तिने पहिल्या तीन विनंत्या रीतीप्रमाणे दोन-दोन शब्दांत सांगितल्या. मग म्हणाली की चौथी पूर्ण लिहून घ्यायची आहे आणि लिहून झाली की वाचून दाखवायची आहे.

ओंकोवियोनो वैतागला. नाव कशाला? गावाचं नाव सांग आणि सोड. आजवर कधी नावं दिलीत?

"कॅप्टननी नाव दिलंय. मी माझ्या पदरचं गाळलं आणि तुमच्या अंकात चुकून आलं, तर तुमचा परवाना मी भरून देणार आहे का? लिहा."

त्याने लिहिलं आणि वाचायला लागला. करंगसारी गावातून मंगळवारी ताब्यात घेतलेला बातमीदार योयोक... मधेच तो थांबला. 

"आपला योयोक?" तो हळूच म्हणाला. "माझा रेनकोट नेलाय तो?"

"पुढे वाचा. चौकी कुठली ते."

त्याने शेवटपर्यंत वाचलं. मग विचारलं, हे आपल्याकडच्या सगळ्यांना सांगावं लागेल ना, म्हणजे कुणी चुकून छापायला नको? सुलास्मी म्हणाली, सांगावंच लागेल. पानं लावणाऱ्यांना, बातमीदारांना, राजधानीतल्या कचेरीला, सगळ्यांना. हयगय नको.

दुसऱ्या फोनला तिचा आवाज स्थिर झाला, तिसऱ्याला तर चांगलाच खणखणीत. रेडिओवरची नीनिंग वाचतावाचता रडायला लागली, तेव्हा सुलास्मीने तिला दटावलं की रडायचं ते वाचून झाल्यावर रड, चौकीचा पत्ता नीट ऐकू आला नाही. सहावा फोन संपेतो चार वाजत आले. आता करायला काही उरलं नाही, आणि तेच सगळ्यात अवघड होतं. ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. मिरची चिवडली. जिन्याच्या कठड्यावरून वाकून पाहिलं तर वाह्यू लाल पेनने कुणाच्या तरी उत्तरावर फुली मारत होती. खाली जाऊन हिला सांगावं असं दहा वेळा मनात आलं. पण आपण केलं त्याने पोराची सुटका होईल की रात्रीतून त्याला मिठागरात नेतील, हे तिलाच ठाऊक नव्हतं. मग सांगायचं काय?

साडेचारला फोन वाजायला लागले. साखळीत नसलेल्या एका साप्ताहिकाने विचारलं, आम्हीही ते छापायचं नाही का? विधी मदत केंद्रातल्या वकिलीणबाईंनी विचारलं की छापायचं नाही ते नेमकं काय, कारण त्यांना ते न छापण्याची फार इच्छा आहे. विद्यापीठातल्या पोरांचं भित्तिपत्रक, ज्याला कुत्रं विचारत नव्हतं, त्याच्या संपादकाने फोन करून तक्रार केली की आम्हाला का नाही कळवलं, आम्ही काय वर्तमानपत्र नाही? सुलास्मीने प्रत्येकाला तीच ओळ सांगितली, शब्द इकडचा तिकडे नाही, आणि प्रत्येकाकडून वाचून घेतली. पाचव्या रकान्यातली जागा संपली तेव्हा ती समासात लिहायला लागली.

सव्वासहाला छापखान्यातल्या माणसांनी परदेशी रेडिओच्या संध्याकाळच्या बातम्या लावल्या. रोजच लावत, आवाज बारीक ठेवून. आज कुणीतरी आवाज मोठा केला. निवेदिका शांतपणे सांगत होती की या शहरातल्या वर्तमानपत्रांना अशी सूचना मिळाली आहे, की बातमीदार योयोक प्रासोजो हा बंदरामागच्या साखरगोदामातल्या चौकीत असल्याचं वृत्त देऊ नये.

बाकावरून वह्या खाली पडल्याचा आवाज झाला. सुलास्मी जिना उतरेपर्यंत वाह्यू उभी राहिली होती.

"जिवंत आहे?" तिने विचारलं.

"दुपारी तीनला होता."

वाह्यूने वह्या उचलायला घेतल्या. छापखान्यातली दोन माणसं मदतीला वाकली, तेव्हा तिने त्यांना क्रम बिघडवू नका असं सांगितलं.

पावणेसातला कॅप्टनचा फोन आला. जेवलात का, हे त्यांनी विचारलं नाही.

"इबू, हे काय केलंत?"

"तुम्ही सांगितलंत तेच. सगळ्यांना कळवलं."

"नाव घेऊन कळवलंत."

"तुम्ही नाव दिलं होतंत, कॅप्टन."

"तो आमच्याकडे आहे असं कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. तीन वाजून दहा मिनिटांनी. वहीत आहे."

पलीकडे कुणीतरी दुसरंच माणूस मोठ्याने बोलत होतं, कदाचित दुसऱ्या खोलीतून चालत आलेलं. कॅप्टननी रिसीव्हरवर हात ठेवला, मग काढला. त्यांचा आवाज अगदी थकलेला आला. क्षणभर तिला त्यांच्या बायकोच्या गुडघ्यांची आठवण झाली, आणि तिला स्वतःचाच राग आला.

"सोमवारी सकाळी दहाला वही घेऊन छावणीत या," ते म्हणाले. "मूळ वही. आणि सोमवारपासून त्या टेबलावर दुसरं कुणी बसेल, हे तुमच्या संपादकांना आम्ही कळवू."

"ही विनंती आहे का?"

त्यांनी फोन ठेवला होता. तिने मात्र पाचवी ओळ म्हणून तीही वहीत लिहिली.

त्या रात्री ती अंथरुणावर उठून बसत राहिली. शुक्रवारही तसाच गेला. मोटरसायकलचा आवाज आला की ती खिडकीशी जाई. शुक्रवारच्या कुठल्याच अंकात अवाक्षर नव्हतं, सगळ्यांनी विनंती अगदी तंतोतंत पाळली होती. पण मासळीबाजारात, मशिदीच्या ओट्यावर, बसमध्ये, जो तो दुसऱ्याला विचारत होता की योयोक प्रासोजोबद्दल बोलायचं नाही, हे तुला कळलं ना? साखरगोदामासमोर वकिलीणबाई खुर्ची टाकून बसल्या. राजधानीहून कुणीतरी छावणीत फोन केला म्हणे, आणि तिथे तर जेवलात का असं कुणी विचारत नाही. नाही म्हणायची सोय उरली नव्हती. शनिवारी दुपारी एकच्या सुमाराला योयोकला गोदामाच्या मागच्या दाराने बाहेर सोडलं. मोटरसायकल मिळाली नाही.

रविवारी सकाळी तो बहिणीला घेऊन कचेरीत आला. उजव्या हाताची तीन बोटं पट्टीत होती, आणि डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं म्हणून तो मान वाकडी करून बोलत होता. कचेरी रिकामी होती. सुलास्मी आपलं टेबल आवरत होती, चहाचा पेला, सुटी पेनं, एक जुना पंखा. तो पूर्वीसारखाच टेबलाच्या कोपऱ्यावर टेकला आणि बशी रिकामी असल्याबद्दल त्याने तक्रार केली.

"सार्मिनला कुठे ठेवलं होतं ते शोधायला गेलो," तो म्हणाला, "आणि थेट पत्त्यावरच नेऊन पोचवलं. एवढी सोय कोण करतं?"

कुणी हसलं नाही. मग त्याने माझं नाव दाखवा म्हणून हट्ट धरला. दंडक मोडायला आता हरकत नव्हती. तिने पान काढून दिलं. आपलं नाव, समासात दाटीवाटीने लिहिलेली पंचवीस-तीस नावं, हे सगळं तो हौसेने वाचत होता. मग डाव्या हाताने पानं मागे उलटायला लागला. तिला त्याच्या हातातून वही काढून घेता आली असती. ती बसून राहिली.

ऑगस्टच्या पानावर तो थांबला. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. साखरगोदामावर बोट ठेवलं.

"हे तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "मंगळवारी मी इथेच बसून विचारलं, तेव्हा."

"हो." ती त्याच्या धड कानाच्या बाजूला सरकली, म्हणजे पुन्हा सांगावं लागू नये. "दोन वर्षांपासून माहीत होतं. तेव्हाही मी सहा फोन केले होते. सहाही ठिकाणी 'करंगसारी नको' एवढंच सांगितलं. सार्मिनचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही."

योयोकने वही तिच्याकडे सरकवली आणि तो पट्टीतल्या बोटांकडे बघत राहिला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

वाह्यूने विचारलं, "ही वही उद्या त्यांच्याकडे जाणार?"

"उद्या दहाला."

वाह्यूने पिशवीतून शाळेची एक कोरी वही काढली. भावाच्या बोटांकडे एकदा पाहिलं आणि ती त्याच्यापुढे न ठेवता स्वतःच्याच मांडीवर उघडली. लाल पेन ठेवून निळं काढलं.

"वाचा," ती म्हणाली. "पहिल्या पानापासून. पूर्ण नावं सांगा, सावकाश. मी लिहिते आणि वाचून दाखवते."

सुलास्मीने वहीचं पहिलं पान उघडलं. पहिलं नाव एका शिक्षकाचं होतं, ते तिला आठवतही नव्हतं. दुपारची अजान झाली तेव्हा वहीतलं दुसरं वर्ष उतरून संपत आलं होतं.